तांडेल आणि टँडेम

माणसाने आयुष्यात एकदा तरी आकाशातून उडी मारावी, असे कुठल्याही ग्रंथात लिहिलेले नाही. निदान आमच्या घरात जे दोन ग्रंथ आहेत, एक पंचांग आणि दुसरे पोस्टाचे पासबुक, त्यांत तरी नाही. असे असूनही, अठ्ठावन्न वर्षे जमिनीला धरून राहिल्यावर आणि सरकारी नोकरीतून सुखरूप सेवानिवृत्त झाल्यावर, मी थायलंडात पट्टायाजवळ तेरा हजार फुटांवरून खाली उडी मारली. 'मारली' हा शब्द लगेच मागे घेतो. उडी एका परक्या माणसाने मारली. मी त्याच्या पोटाशी बांधलेला होतो. देवळापुढे नारळ फोडतात तेव्हा नारळाने पराक्रम केला असे कोणी म्हणत नाही. माझी भूमिका नारळाची होती.

मी कफ परेडच्या मच्छीमार नगरातला. 'कफ परेड' एवढेच सांगितले की लोक माझ्याकडे एकदम आदराने पाहू लागतात; पुढचे 'मच्छीमार नगर' ऐकले की दिलेला आदर हळूच परत घेतात. हा कफ वात-पित्तातला नव्हे. मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमध्ये टी. डब्ल्यू. कफ नावाचे एक साहेब होते, त्यांचे हे नाव. समुद्र बुजवून साहेबाच्या नावाची परेड झाली, पुढे बॅकबेचा भराव पडला, समुद्र मागे सरकला आणि त्याचा पदर धरून आम्हीही सरकलो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री रबरी होडीतून अतिरेकी उतरले ते इथेच, आणि 'कोण तुम्ही?' हे त्यांना पहिल्यांदा विचारले ते आमच्याच माणसांनी. पण ते असो. त्यावर आम्ही फारसे बोलत नाही.

आमच्या घराण्यात माझ्याआधी झाडून सगळे दर्यावर गेले. बाबा तांडेल होते. शहरी वाचकांसाठी सांगतो : नाखवा म्हणजे होडीचा मालक, खलाशी म्हणजे राबणारे हात, आणि तांडेल म्हणजे ज्याच्या शब्दावर बाकीचे जिवंत परत येतात तो. मी मात्र अकराव्या वर्षी एकदाच होडीवर गेलो आणि पुन्हा म्हणून गेलो नाही. त्याची हकीकत पुढे येईल. शाळा शिकलो, सरकारी कचेरीत चिकटलो, आणि वस्तीने माझे बारसे पुन्हा एकदा केले : 'कोरडा कोळी'. माझे लग्न जमवतानासुद्धा मुलीकडच्यांना आधी हे सांगावे लागले होते. नाहीतर फसवणूक झाली असती.

सेवानिवृत्तीनिमित्त मुलीने आणि जावयाने थायलंडची सहल घडवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या तुमच्यासाठी एक सरप्राईज आहे. पैसे भरलेत, आता नाही म्हणायचं नाही." मी समजलो, हत्तीवर बसवणार. जावयाने मोबाईलवर चित्र दाखवले. त्यात हत्ती नव्हता; काहीच नव्हते. नुसते निळे आकाश आणि त्यात तोंड वासलेला एक माणूस.

रात्री घरी फोन लावला. आय पंच्याऐंशीला आली आहे, पण कान शाबूत.

"आये, उद्या विमानातून उडी मारतोय."

"कशाला?"

प्रश्न इतका रास्त होता, की मी विषय बदलला. "पॅराशूट असतं गं."

"त्याल लावून?" आमच्या घरात पॅराशूट म्हणजे निळ्या बाटलीतले खोबरेल. मी छत्री, दोऱ्या वगैरे समजावून सांगितले आणि तिला धीर यावा म्हणून म्हणालो, "एकट्यानं नाय मारायची. टँडेम आहे."

"तांडेल हाय बरोबर? मंग जा. कुठल्या गावचा तांडेल?"

आता मी छत्तीस वर्षे शब्दांचे कीस काढून पोट भरलेला माणूस. तिला सांगू लागलो, की टँडेम निराळे आणि तांडेल निराळा. टँडेम हा मुळात लॅटिन शब्द, त्याचा अर्थ 'लांबत लांबत अखेरीस'. इंग्लंडातल्या कुणा टवाळ विद्यार्थ्यांनी एकामागे एक जुंपलेल्या घोड्यांना तो शब्द कोटी म्हणून लावला आणि...

"पोरा," आय म्हणाली, "दोघं एका होडीत. एकाला ठावं असतं, दुसऱ्याला नसतं. मंग तांडेलच की तो!" आणि तिने फोन ठेवला.

झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारी माणसाची एक सवय असते. नवे प्रकरण समोर आले की आधी मागचे कागद काढायचे. यापूर्वी असे कोणी केले होते काय? केले असल्यास त्याचे काय झाले? आणि जबाबदारी कोणावर निश्चित करण्यात आली? पहाटेपर्यंत मी जावयाच्या मोबाईलवर हेच कागद काढत बसलो.

पहिला कागद निघाला पॅरिसचा. २२ ऑक्टोबर १७९७. गार्नेरिन नावाचा फ्रेंच गृहस्थ बलूनखाली टांगलेल्या टोपलीत बसून सुमारे तीन हजार फूट वर गेला आणि त्याने वरची दोरी स्वतः कापून टाकली. छत्री रेशमी होती, पण तिच्या माथ्याला भोक नव्हते. त्यामुळे हवा एकदा या कडेने निसटे, एकदा त्या कडेने, आणि टोपली भरतीच्या वेळच्या मचव्यासारखी झुले. गृहस्थ खाली आला तो धडधाकट, पण पोटातून ढवळलेला. हे वाचून मला त्याच्याविषयी फार जवळीक वाटली. दोनच वर्षांनी, १७९९ मध्ये, झान लाब्रोस या त्याच्या शिष्येने तसेच धाडस केले. पुढे तिने त्याच्याशीच लग्नही केले. आधी विमानातून, म्हणजे बलूनमधून, आणि मग बोहल्यावर. क्रम सोप्याकडून अवघडाकडे, हे शिक्षणशास्त्राला धरूनच झाले.

दुसरा कागद चक्क आपल्या मुंबईचा होता! १८७७ साली जोसेफ लिन नावाचा साहेब लालबागच्या बागेतून बलूनमध्ये बसून वर गेला. सुमारे साडेसात हजार फुटांपर्यंत चढला, आणि उतरला कुठे? दादरला. लालबाग ते दादर! हा प्रवास मी नोकरीत असताना बेस्टच्या बसने असंख्य वेळा केला आहे, आणि गणपतीच्या दिवसांत त्याला बलूनपेक्षा जास्त वेळ लागतो हे शपथेवर सांगू शकतो. पण साहेबाने इतके वर जाऊन फक्त दादर गाठावे, याचे वाईट वाटले.

त्यानंतर १८८९ साली आला पर्सिव्हल स्पेन्सर. हा पिढीजात बलूनवाला. आमचे जसे दर्यात, तसे त्यांचे घराणे हवेत. त्याने मुंबईकरांना बलूनमधून छत्रीने खाली येऊन दाखवले. तिकिटे लावून गर्दी जमवायची, वर जायचे, लोकांचा श्वास अडकवायचा आणि छत्री उघडून खाली यायचे, असा त्याचा धंदा. मुंबईहून तो कलकत्त्याला गेला. तिथे बलून त्याला घेऊन सुंदरबनाच्या दिशेला निघून गेले आणि काही दिवस त्याचा पत्ताच नव्हता. सगळ्यांनी आशा सोडली, तर हा परत हजर. हे सगळे रामचंद्र चट्टोपाध्याय नावाचा एक सर्कशीत झोके घेणारा बंगाली पाहत होता. त्याने स्पेन्सरकडून विद्या घेतली, त्याच साली बलून विकत घेऊन एकट्याने वर गेला, आणि १८९० च्या मार्चमध्ये छत्रीने खाली उतरला. पहिला भारतीय. मुंबईत इतके लोक मान वर करून बघत होते, त्यांतल्या एकालाही हे सुचू नये? बहुधा आमचा एखादा पूर्वजही त्या गर्दीत उभा असणार, आणि 'वारा चुकीचा हाय' असे म्हणून घरी गेला असणार.

पुढचे कागद मात्र लष्करी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना छत्र्या दिल्या, पण विमान चालवणाऱ्यांना दिल्या नाहीत. छत्री दिली तर हा गडी जरा काही झाले की सरकारी विमान सोडून उडी टाकेल, असाही एक विचार त्यामागे होता म्हणतात. हे टिपण लिहिणारा बाबू मला डोळ्यांपुढे दिसतो. त्याच्यासारख्या दोघांच्या हाताखाली मी काम केले आहे. माणूस उंचावरून मोकळा पडू लागला की वाटेतच शुद्ध हरपतो, अशीही समजूत होती. ती मोडली २८ एप्रिल १९१९ रोजी. अमेरिकेत लेस्ली अर्विन याने विमानातून उडी मारली, थोडा वेळ नुसताच पडला, आणि मग स्वतःच्या हाताने दोरी ओढून छत्री उघडली. शुद्धीत होता. जमिनीवर टेकताना मात्र त्याचा घोटा मोडला. म्हणजे आकाशाने काही केले नाही. जे केले ते जमिनीने.

११ डिसेंबर १९७१ च्या कागदावर मी जरा जास्त वेळ थांबलो. बांगलादेश युद्धात टांगाईलजवळ आपले छत्रीधारी सैनिक उतरले. ही पलटण होती दुसरी पॅरा, आणि तिचे मूळ मराठा लाइट इन्फन्ट्रीत. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली सुमारे सातशे जण त्या संध्याकाळी उडी मारून गेले आणि पूल ताब्यात घेतला. खाली शत्रू, अंधार पडत आलेला, ओढे-तळी, आणि प्रत्येक जण आपापल्या छत्रीखाली एकटा. सातारा-कोल्हापूरकडची, शेतात वाढलेली पोरे ही. मी पलंगावर बसून एसीमध्ये घामाघूम होत होतो.

आणि मग आपल्या पुण्याच्या शीतल महाजन. यांनी आयुष्यातली पहिली उडी मारली ती कुठे, तर १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर. २,४०० फुटांवरून, उणे सदतीस अंशांत. आधी एकही सरावाची उडी नाही! पोहायला शिकायचे म्हणून कोणी थेट प्राँग्जच्या दीपस्तंभाबाहेर जाऊन पडावे, तसे. २००६ मध्ये दक्षिण ध्रुव झाला. २००८ मध्ये लग्न, तेही हॉट एअर बलूनमध्ये. (मंगल कार्यालयाची वेळ संपली म्हणून मांडव रिकामा करा असे तिथे कोणी सांगत नाही, हा एक फायदा.) २०११ ला पद्मश्री, आणि २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर साडेएकवीस हजार फुटांवरून उडी. पण मला हादरवले ते वेगळ्याच गोष्टीने. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी मारली होती, आणि ती याच पट्टायात. म्हणजे ज्या आकाशातून मला पँट-शर्टात पडायची भीती वाटत होती, तिथून एक मराठी बाई काष्टा मारून पडल्या होत्या.

ही सगळी मंडळी वाचून माझा धीर वाढायला हवा होता, तो संपला. कारण हे सगळे शूर होते. इतिहासात शूरांचेच कागद राहतात. भित्र्याचा पूर्वदाखला हवा होता, तो सापडेना. आणि मग पहाटे तीनच्या सुमारास सापडला. १९८३-८४ च्या आसपास अमेरिकेत फ्लॉरिडामधल्या दोन कारागिरांनी, बिल बूथ आणि टेड स्ट्राँग यांनी, दोघांची मिळून एक छत्री चालवण्याची युक्ती बाजारात आणली. तोपर्यंत नवशिक्याला जमिनीवर उड्या मारून मारून शिकावे लागे आणि मग पहिल्याच दिवशी एकट्याला दारातून बाहेर ढकलत. आता शिकणारा शिकवणाऱ्याच्या छातीला बांधायचा, खांद्याशी दोन आणि कमरेशी दोन अशा चार कड्यांनी. अडचण एकच आली. दोघांचे वजन एकत्र म्हणजे पडण्याचा वेग भलताच वाढतो, आणि त्या वेगात छत्री उघडली की अंगाला जबर हिसका बसतो. म्हणून आधी एक छोटी छत्री मागे सोडतात. ती होडीमागे नांगर फरफटावा तशी ओढ देते, आणि वेग एकट्या माणसाइतका, ताशी दोनशे किलोमीटरच्या आत राहतो. शिवाय पाठीवर दुसरी राखीव छत्री. शिवाय जर्मनीच्या हेल्मुट क्लोट याने १९९१ मध्ये आणलेले एक छोटे यंत्र : ठरावीक उंचीखाली आलात आणि अजून दगडासारखे पडताच आहात, तर ते स्वतःच राखीव छत्री उघडते. क्लोटचा एक मित्र असाच पडून गेला होता, त्यानंतर त्याने ते केले.

हे वाचून मी दिवा मालवला. झोप नाहीच आली, पण आडवा झालो.

सकाळी मैदानावर आधी वजन केले. शंभर किलोच्या आत भरलो याचे मला दुःख झाले. मग एक अर्ज पुढे आला. आयुष्यभर मी लोकांकडून अर्ज भरून घेतले, पण असा मसुदा पाहिला नव्हता. मी मेलो, मोडलो, हरवलो किंवा झाडावर अडकलो, तर कोणीही जबाबदार नाही, असे मीच मान्य करत होतो. इतकी निखळ जबाबदारी-झटक भाषा लिहिणारा माणूस आमच्या खात्यात असता तर सचिव झाला असता! मी सवयीने विचारले, "याची प्रत मला मिळेल काय?" बाई हसली.

माझा तांडेल म्हणजे पंचविशी-सव्विशीतला एक पोरगा. मानेपर्यंत गोंदवलेले, केस डोक्यावर बांधलेले. नाव त्याने सांगितले, पण तेवढ्यात विमानाचे इंजिन सुरू झाले. त्याचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी यांत समान शब्द चारच : केळे, पाय, वर, हसा. दारातून बाहेर पडल्यावर अंगाचे केळे करायचे, म्हणजे पोट पुढे आणि पाय मागे. उतरताना पाय वर घ्यायचे. आणि मधल्या वेळात कॅमेऱ्याकडे पाहून हसायचे. मी खिशातून डबी काढून वरची कवळी तीत ठेवली आणि डबी मुलीच्या हवाली केली. त्यामुळे हसण्याचा प्रश्न निकालात निघाला.

विमानात बाकांवर एकमेकांच्या मांड्यांमध्ये बसवतात, शाळेतली पोरे आगगाडीचा खेळ खेळतात तसे. दहा हजार फुटांच्या पुढे गेल्यावर त्याने मागून माझी कडी एकेक करून स्वतःला अडकवली. मग पट्टा असा आवळला, की माझी पाठ त्याच्या छातीला चिकटली आणि त्याचा श्वास माझ्या मानेला लागू लागला. आणि कानाशी तो म्हणाला, "डोंट मूव्ह."

हेच शब्द मी पूर्वी एकदा ऐकले होते. १९७७ साल. मी अकरा वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी मला होडीवर नेले. प्राँग्जच्या दीपस्तंभापलीकडे गेल्यावर दुपारी अचानक आभाळ फिरले. लाट होडीच्या वरून जाऊ लागली. खलाशी ओरडत होते, आणि मी ओकत होतो, रडत होतो आणि काठाकडे सरकत होतो. बाबांनी सुकाणू न सोडता एका हाताने मला ओढले, दोन गुडघ्यांमध्ये बसवले आणि दोराच्या एका तुकड्याने मला स्वतःच्या पोटाशी बांधून टाकले. म्हणाले, "हलू नको." बस्स. दोन-अडीच तास माझी पाठ त्यांच्या छातीला होती. अंधार पडल्यावर आम्ही लागलो तेव्हा किनाऱ्यावर आय कमरेइतक्या पाण्यात उभी होती. दोर भिजून इतका फुगला होता, की गाठ सुटेना. कोयत्याने कापावी लागली. त्यानंतर मी दर्यावर गेलो नाही. बाबांनीही कधी 'चल' म्हटले नाही, आणि वस्ती मला कोरडा कोळी म्हणायची तेव्हा ते जाळे विणत खाली बघत. ते जाऊन आता वीस वर्षे झाली. त्या दिवशी ते स्वतः घाबरले होते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

दार उघडले.

पुढच्या पाऊण मिनिटाचे वर्णन मला करता येणार नाही, कारण मी तिथे पूर्णपणे हजर नव्हतो. पडतोय असे वाटत नाही. प्रचंड वारा खालून वर येतोय आणि आपण त्यावर पालथे पडलो आहोत असे वाटते. ओरडलो असेन, पण आवाज तोंडातून निघून वरच राहिला. पाच हजार फुटांच्या आसपास एक हिसका बसला, आणि सगळे एकदम गप्प झाले. इतके गप्प, की माझ्या शर्टाची कॉलर फडफडलेली ऐकू आली.

वर पाहिले तर छत्री गोल नव्हती, चौकोनी होती. डोमिना जालबर्ट नावाच्या पतंग बनवणाऱ्या माणसाने १९६४ च्या सुमारास हा आकार काढला, हे रात्री वाचले होते : कापडाचे कप्पे शिवायचे, पुढून तोंडे उघडी ठेवायची, वारा आत शिरून फुगला की त्याचा पंख होतो. पण मला ते शीड दिसले. पोरगा एक दोरी ओढी, की आम्ही डावीकडे वळत होतो. दुसरी ओढी, की उजवीकडे. खाली समुद्र होता, आणि त्यात नखाएवढ्या होड्या. वारा कुठून आहे हे मला पाण्यावरच्या सुरकुत्यांवरून कळत होते. मी हाताने खूण करून दाखवली, तर पोरगा चकित झाला. त्याने दोन्ही दोऱ्यांच्या मुठी माझ्या हातात दिल्या आणि स्वतःचे हात वरून माझ्या हातांवर ठेवले.

उतरताना मी पाय वर घेतले. घसरत बसलो, पण काही मोडले नाही. मुलगी डबी घेऊन धावत आली.

मच्छीमार नगरात परतल्यावर घरात गर्दी जमली. मोबाईलवरचे चित्रण सगळ्यांनी पाच वेळा पाहिले. बिनदाताचा माझा चेहरा वाऱ्याने फुगून पापलेटासारखा झालेला पाहून पोरे लोळून हसली. मी आयला शीतल महाजनांच्या नऊवारीचे सांगितले. "त्यात काय," ती म्हणाली, "आमी जलमभर नववारी नेसूनच होडीतनं उड्या मारल्या. दांडीला गुडघाभर चिखल, नि डोक्यावर पाटी." मग तिने चष्मा लावला आणि मोबाईल जवळ धरला. माझ्याकडे तिचे लक्षच नव्हते. ती मागच्या पोराकडे बघत होती.

"ह्यो तुझा तांडेल?"

"हो."

"बारीक हाय. दिवसाला किती उड्या मारतो?"

"त्या दिवशी माझी आठवी होती म्हणाला."

"आठ?" आयने चित्र थांबवायला सांगितले. बराच वेळ पाहत राहिली. "नि जेवला कवा? इचारलंस त्याला?"

मी विचारले नव्हते.